लिंबाखालची बाई काट्यावर बसते

कुंभार पिंपळगाव
मंगळवार, ८ ऑक्टोबर २०२४

ति. सुरेखा आत्यास,
शालूचा सा. न. वि. वि. (दुसरा वि कशाचा ते शिकवायच्या आधीच माझी शाळा सुटली, पण तो लिहिल्याबिगर पत्र उघडं वाटतं.)

इकडं समदे खुशाल. आईची कंबर बरी हाय. वसंताचा टेम्पो आज लवकर मंठ्याला निघणार, म्हणून जल्दी जल्दी लिहून राह्यले. पिशवीत शेजारच्या काकूचं मापाचं ब्लाऊज हाय, त्याच्या आत घडी करून ‘लिंबाखालची बाई’चा सातवा भाग ठेवला. कागद आधी काढ, मंग कात्री घे. मागच्या बारीला तू ब्लाऊजासंगं माझा भागबी कातरला, आन् बाईचा एक हात गेला तो गेलाच. लोकाला वाटलं त्यातबी काही गूढ हाय.

तू विचारलं होतं, लिहायचं जमवती कसं. लेखक लोकाला टेबल असतं म्हणे. मला कडब्याची गंजी हाय. तिच्या मागं बसलं की कुणाला दिसत न्हाई, फक्त म्हैस बघती. सुचतं मात्र भाकरी थापताना. मंग भाकर करपती. आई म्हणती मन कुठं हाय तुझं. मी म्हणते कुठंच न्हाई. मन लिंबाखाली असतं आत्या, बाईचे पाय उलटे ठेवावे का सुलटे, ते ठरत नसतं. शनिवारी भर दुपारी वावरात लिंबाखाली एकली जाऊन उभी राह्यले, भ्या कसं वाटतं ते बघावं म्हणून. भ्या वाटलंच न्हाई, मुंगळे चावले. म्हणून या भागात बाईचा हात लागला की मुंगळा डसल्यावानी होतं असं टाकलं.

आता खरी बात. आपल्या वावरात कापूस येचायला द्वारकाबाई टोळी घिऊन येती ना, तिनं काल मोबाईल पदराला बांधला, आवाज मोठा केला, आन् त्यातून तू माझा सहावा भाग वाचायला लागली. मी त्यांच्याच रांगेत, तोंड कपाशीत खुपसून. बाई हसली तशा बाया किंचाळल्या. एकीच्या ओटीतला कापूस खाली सांडला. द्वारकाबाई म्हणली हे लिहिणारा हातभर दाढी असणारा बाप्या असंल, मसणवट्याजवळ राहत असंल. मला इतकं बरं वाटलं की मी कच्ची बोंडं तोडत सुटले.

शाळेत हजेरीला माझ्या तोंडून ‘हजर’ निघायचं न्हाई. मी बाकावर बसलेली आन् पटावर गैरहजर. शेवटी अण्णा म्हणले, गैरहजरच राहायचं तर घरी रहा. आन् आता माझंच बोलणं बाया काम थांबवून ऐकून राह्यल्या. अण्णाला कळलं तर बंद होईल बघ. लेकरानं भुताखेताचं नाव काढलं तरी त्यांना चालत न्हाई. माझ्याजवळ एवढं एकच हाय, ते जपून ठेव.

तू म्हणली होती जागा डोळ्यापुढं येत न्हाई. या बारीला येईल, बराबर बघून लिहिली.

मामाला नमस्कार. माया आटू देऊ नको.
तुझी, शालू


मंठा
शुक्रवार, ११ ऑक्टोबर

चि. शालूस,
आत्याचा पोटभर आशीर्वाद. हाताला तर जास्तीचाच.

तुझा सातवा भाग परवा वाचला, काल मोबाईलवर सोडला. कात्री लागली न्हाई, पण मामाचा चहा सांडला. तुझ्या मामाचा हाल काय सांगू. बाईच्या पायातले चाळ तेच वाजवतात, दाराची कडी तेच करकरवतात, कुत्र्याचं रडणंबी तेच काढतात, आन् रेकॉर्डिंग झाल्यावर मागच्या अंगणात एकले जात न्हाईत. काल त्यांनी कुत्र्याचं रडणं इतकं मन लावून काढलं की गल्लीतली समदी कुत्री सामील झाली. दुकानात एक गिऱ्हाईक मापाला उभं होतं, ते फीत गळ्यात तशीच ठिवून निघून गेलं.

आवाजाची चिंता करू नको. तोंडात सुपारी, नाकावर पदर, आन् मंग बोलते. माझं मलाच वळखू येत न्हाई, तर दादाला काय येणार. तुझे अण्णा तसेबी बाजारभावाशिवाय मोबाईलवर काही ऐकत न्हाईत.

जागा मात्र काय उतरवली गं पोरी. वाकडा लिंब, फुटका हौद, बुजगावण्याच्या अंगात बाही फाटलेलं निळ्या पट्टीचं बनियन. कुठून सुचतं तुला? मला तर वाचता वाचता माहेरचं वावर आठवलं. डोळ्यात पाणी आलं, भूत रडकं वाटायला लागलं, म्हणून पुन्हा रेकॉर्ड केलं.

भाकरी करपू देऊ नको. उत्तर पिशवीत पाठव.
तुझी आत्या


कुंभार पिंपळगाव
बुधवार, १६ ऑक्टोबर

ति. आत्यास,
सा. न., बाकीचं घाबरल्यामुळं सुचून न्हाई राह्यलं.

आत्या, तुला माहेरचं वावर आठवलं, कारण ते माहेरचंच वावर हाय.

मी कुठलं लिहिणार? मी दुसरं वावर कुठं बघितलं? तू म्हणली खरी जागा लिही, मी गंजीमागून मान वर केली आन् दिसलं ते लिहिलं. द्वारकाबाईच्या टोळीनं शनिवारी आपल्या बांधावर बसून सातवा भाग लावला. लिंब आला, बाया इकडं तिकडं बघायला लागल्या. हौद आला, उठून उभ्या राह्यल्या. बनियन आलं, आन् बुजगावणं त्यांच्या अगदी मागं. आत्या, ओटीतला कापूस तिथंच टाकून बाया सडकेला लागल्या. एकीची चप्पल अजून आमच्याकडं हाय.

तवापासून वावरात कुणी पाय ठिवून न्हाई राह्यलं. अण्णा घरोघर जाऊन आले. कुणाची सासू आजारी, कुणाच्या घरी पाव्हणे. द्वारकाबाईनं तेवढं तोंडावर सांगितलं की तुमच्या लिंबाखाली बाई हाय, तिचा बंदोबस्त करा. अण्णा म्हणले, आमच्या तीन पिढ्या त्या लिंबाखाली जेवल्या, कुणाला दिसली न्हाई. ती म्हणली, जेवताना ताटात बघत असतील.

कापूस फुटून पांढराफक्क झाला. आभाळ रोज संध्याकाळी भरून येतं. एक पाऊस पडला तर समदा काळा पडून कवडीमोल होईल. आई आन् मी दोघी येचतो, पण दोघीनं काय होतं. आईबी लिंबाच्या बाजूची रांग मला देती.

आन् अण्णा चौकात म्हणले की ज्यानं हे लिहिलं त्याचे हात तोडून त्याच लिंबाला टांगतो. मी तेव्हा त्यांना पाणी द्यायला गेल्ते. तांब्या दोन्ही हातांनी धरला होता. आज ते शेजारच्याकडून मोबाईलवर समदे भाग लावून घिऊन, एकलेच वावरात ऐकत बसले. लिहिणारा कोण ते धुंडून काढतो म्हणले.

काय करू ते जल्दी सांग. हात हायेत तवर लिहिते.
शालू


मंठा
शुक्रवार, १८ ऑक्टोबर

चि. शालूस आशीर्वाद, आन् आधी पाणी पी.

पत्र वाचून मी हसले, मंग रडले, मंग मामानं वाचलं आन् उलट क्रमानं केलं. माझीबी चूक हाय. जिथं लहानपणी मीच त्या हौदात पडले होते, तो हौद मला वळखू येऊ नये?

मी विचार करून सांगते. बाईला संपव. आठव्या भागात एखादा भगत आण, लिंबाला खिळा ठोक, बाईला बाटलीत घाल, बूच लाव, बाटली गोदावरीत सोड. वावर मोकळं झालं म्हणून बाया परत येतील. मालिका तिथंच खतम होईल ते मला कळतं. मामा तर सकाळपासून चाळ हातात घिऊन बसलेत, आता हे कुणासाठी वाजवू म्हणतात. पण कापूस भिजला तर दादाचं वरीस जाईल.

लिहिणारा हात तुझा हाय, म्हणून ठरवायचं तू. बाटली का बाई, जे पाठवशील ते मी वाचीन.
आत्या


कुंभार पिंपळगाव
सोमवार, २१ ऑक्टोबर

ति. आत्यास,
सा. न. वि. वि., या बारीला पूर्ण.

बाटलीचा भाग लिहिला होता. भगत आला, खिळा ठोकला, पण बाई बाटलीत जाईना. मी लिहायची जा, ती लिंबाखाली तशीच बसायची. शेवटी कागद म्हशीपुढं टाकला. तिनंबी खाल्ला न्हाई.

मंग शनिवारी दळण घिऊन गिरणीवर गेल्ते. मी डब्याच्या मागं बसलेली, म्हंजे मला कुणी बघत न्हाई. तिथं द्वारकाबाई दुसऱ्या बाईला सांगत होती की भूत परवडलं, भूत दिसलं तर पळता येतं. भुजंगरावाचा, म्हंजे आपल्या अण्णाचा, काटा रोज दिसतो, तिथून पळता येत न्हाई. दिवसभर येचून पाठ मोडती आन् त्या गंजक्या काट्यावर ओझं टांगलं की त्यातला मूठमूठ कापूस काटाच खातो. वरून ते ओलीची कट्टी धरतात, कापूस ओला म्हणून वजनातून कापतात, भर उन्हातसुद्धा. म्हणून बाया दुसरीकडं चालल्या, बाईचं निमित्त झालं.

आत्या, मी काटा रोज बघते. त्याचं कधी लिहावं वाटलं न्हाई. घरी येऊन गंजीमागं बसले तर भाग आपोआप उतरला.

आता ऐक. लिंबाखालची बाई जित्ती असताना कापूस येचणारीच होती. तिचं माप जन्मभर मारलं गेलं. येचणाऱ्या बायाच्या वाटंला ती जात न्हाई, उलट त्यांच्या ओझ्याला खालून हात लावती. ती बसती काट्यावर. जिथं मालक माप मारतो तिथं काट्याच्या दांडीवर पाय सोडून बसती, आन् मालकाच्या डोळ्यात बघती. बाकी काही करत न्हाई.

मालकाचं नाव टाकलं न्हाई. अण्णाचं बनियन मात्र सातव्या भागात आधीच येऊन गेलंय.

अण्णाचं एक कळून न्हाई राह्यलं. बुधवारी वावरातून समदे भाग ऐकून आले, तवापासून हात तोडायचं बोलले न्हाईत. जेवायला बसले, करपलेली भाकर मागून घेतली आन् खाल्ली. मी रातभर हात पांघरुणात घिऊन झोपले.

हा भाग जल्दी वाच. आभाळ थांबून न्हाई राह्यलं.
तुझी शालू


कुंभार पिंपळगाव
मंगळवार, २९ ऑक्टोबर, धनतेरस

ति. आत्यास आन् मामास सा. न. वि. वि.

आठवा भाग ऐकून बाया आल्या. होत्या त्याच्यापेक्षा जास्त आल्या, शेजारच्या टोळीतल्याबी दोघी आल्या. द्वारकाबाईनं पहिल्यांदा लिंबाला हात जोडले, मंग काट्याला कुंकू लावलं, मंग कामाला लागली. संध्याकाळी मापाला अण्णांनी पहिलं ओझं टांगलं. आत्या, एकबी बाई वजनाकडं बघत नव्हती. समद्या काट्याच्या वर बघून राह्यल्या होत्या, दांडीवर कुणी बसल्यावानी. अण्णांनीबी एकदा वर बघितलं. मंग गंजलेला आकडा सदऱ्यानं पुसला. मंग खाकरले. मंग म्हणले की काटा जुना झाला, उद्या नवा आणतो, मी तसाबी आणणारच होतो.

दुसऱ्या दिवशी इथल्याच बाजारातून आकडे दिसणारा काटा आला. कट्टीचं नाव निघालं न्हाई. बाया गाणं म्हणत येचून राह्यल्या, आन् परवा वावर खाली झालं. कापूस घरात, आन् काल रातीच पाऊस पडला.

शेवटच्या दिवशी द्वारकाबाई म्हणली की हे लिहिणारा दाढीवाला नसंल, कुणीतरी येचणारी बाईच असंल, तिला काट्याचं माहीत हाय. मंग माझ्याकडं वळून विचारलं, तुला काय वाटतं गं. मी बोलले आत्या. ‘हो’ म्हणले. मोठ्यानं. तीच दचकली.

भाऊबीजेला अण्णा तुझ्याकडं येणार हायेत. सुपारी लपव, चाळ लपव, मामाला खोकल्याशिवाय काही करू देऊ नको.
तुझी लाडकी, दोन्ही हाताची, शालू


मंठा
सोमवार, ४ नोव्हेंबर

चि. शालूस,
आत्याचे आशीर्वाद, करंज्या वसंताच्या टेम्पोत येतच हायेत.

काल दादा आला. ओवाळून घेतलं, लाडू खाल्ला, आन् ताट बाजूला सारून म्हणला, सुरेखा, नाकावर पदर धरून बोल बरं जरा. तुझे मामा उठून मागच्या अंगणात गेले, एकले.

पोरी, त्याला त्या बुधवारीच कळलं होतं. म्हणला, बहीण सुपारी तोंडात धरून बोलली तर भावाला वळखू येऊ नये काय, लहानपणी चिंचा चोरून खाताना ती अशीच बोलायची. आन् बनियन माझं, तर लिहिणारी कोण हे काय पंचाला विचारू? लिंबाखाली बसून समदे भाग ऐकले म्हणतो. संध्याकाळ झाली, उठायचं भ्या वाटलं, म्हणून आठ वाजेपर्यंत तिथंच बसला. हे तुला सांगू नको म्हणला, म्हणून आधी हेच सांगते.

मंग तू तिला का बोलला न्हाई, असं मी विचारलं. तर मान खाली घालून म्हणला की ती बोलत न्हाई, मीबी बोलत न्हाई, सुरुवात कुणी करायची. तू लाजरी कुणावर गेली ते मला काल कळलं.

आता असली बात. परवा पाडव्याच्या मुहूर्तावर दादानं कापूस इथंच एका व्यापाऱ्याला घातला. त्या बाप्यानं ओलीची कट्टी धरली, कचऱ्याची कट्टी धरली, आन् त्याचा काटा आपल्या गंजक्या काट्यापेक्षा भुकेला. दादा समोर उभा राहून बघत होता. म्हणला, मान वर करून दांडीकडं बघत राह्यलो सुरेखा, कुणी बसलंय का म्हणून. कुणीच नव्हतं.

जाताना चप्पल घालून पुन्हा आत आला. जे बोलला ते जसंच्या तसं लिहिते:

“शालीला म्हणावं, आपल्याकडचं माप बराबर झालं. आता बाईला जरा मंठ्याला पाठव. न बघता तिला लिहिता येत न्हाई, तर मंगळवारी मी तिला ट्रॅक्टरवर घिऊन येतो. काटा बघू दे, गादी बघू दे, व्यापाऱ्याचं बनियनबी बघू दे.”

तवा उद्या सकाळी तयार रहा. कागद पेन उघड्यावर घे, ब्लाऊजात घालू नको. मामानं चाळाला नवी दोरी ओवली. आन् तिथं गादीवरच्या माणसानं विचारलं की ही कोण आली, तर दादाकडं बघू नको, त्याला जमणार न्हाई. तूच सांग, हजर म्हणून.

माया हाय तशीच, मापात कट्टी न्हाई.
तुझी आत्या