निघायच्या बेतात

नाना, तुम्हाला जाऊन तप उलटलं. आज हे लिहायला बसले आहे ते तुमच्यावरचा संशय अजून फिटला नाही म्हणून.

आपण कल्याणला राहत होतो आणि तुम्ही आगगाडीने मुंबईला कोटातल्या एका पेढीवर जात होतात. पेढीचा व्यापार समुद्रापारच्या मनिला बंदराशी, तिथून दोरखंडाचा वाख यायचा आणि पत्रं यायची ती स्पॅनिश भाषेत. साहेबाने तुम्हाला ती भाषा शिकायला लावली. रविवारी दुपारी तुम्ही ओटीवर पुस्तक घेऊन बसायचात आणि समोर पाटी घेऊन मी. मी अकरा वर्षांची. मला शिकवण्याची हौस तुम्हालाच होती, असं सगळे समजत. प्रत्यक्षात मला आई पाठवायची. "जा, समोर बस. स्वारी काय पुटपुटते ते नीट ऐक आणि मला येऊन सांग." तिला वाटे तुम्ही समुद्र ओलांडणार. मग जात वाळीत टाकणार, आणि माझं लग्न कोण जुळवणार?

तुम्ही सांगता आहात, मी ऐकते आहे. "वोय आ सालीर, म्हणजे मी निघणार आहे. या लोकांना पुढचं काही सांगायचं झालं की 'जाणे' लावावं लागतं. जेवायला जातो म्हणजे जेवणार."

"आणि आपल्यात, नाना?"

"आपण नुसतं 'णार' लावतो आणि बसून राहतो." तुम्ही हसलात. मला ते हसू आवडलं नाही. मग तुम्ही पुढचं सांगितलंत: एस्तोय पारा सालीर, मी निघायच्या बेतात आहे, एस्तोय आ पुंतो दे सालीर, आता निघतोच. शंभर वाक्यं करता आली असती, पण तुम्ही सगळी निघण्याचीच केलीत. ती मी आईला जशीच्या तशी सांगितली. ती वाल सोलत होती. तिचे हात थांबले. "बेतात? कशाच्या बेतात?" मी म्हणाले, "नुसतंच बेतात." त्या दिवसापासून ती तुमचे खिसे चाचपू लागली, आणि तुमच्या चेहऱ्यावर मीही पाळत ठेवू लागले.

एका रविवारी तुम्ही पेढीचे कागद घरी आणलेत, मनिलाला जायच्या पत्राचा मसुदा. तुम्ही आंघोळीला गेल्यावर आईने मला त्यातली एक ओळ दाखवली. "वाच." मी वाचलं: एल वापोर एस्ता पारा सालीर. वापोर म्हणजे आगबोट. तुम्हीच शिकवलं होतंत, आपल्या वाफेसारखं लक्षात ठेव म्हणून. बोट निघायच्या बेतात आहे, एवढाच अर्थ.

"काय लिहिलंय?"

"निघायच्या बेतात आहे."

"कोण?"

 मी नुसती खुंटीवरच्या तुमच्या कोटाकडे पाहत राहिले. आईने सगळे कागद चुलीत घातले. तुम्ही ओल्या अंगाने स्वयंपाकघराच्या दारात आलात, चुलीकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. "सोवळ्यातल्या बाईला मी काय विचारणार," एवढंच म्हणालात. पत्र वेळेवर गेलं नाही, आणि साहेबाने तुम्हाला काढून टाकलं. पुढे ठाण्याच्या कचेरीत दाव्यांच्या नकला करत तुम्ही जन्म काढलात. ओटीवरचं पुस्तक पुन्हा उघडलं नाही. माझ्याशी तुम्ही नेहमीसारखेच बोलत राहिलात, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटे. माझं लग्न मात्र चांगल्या घरी झालं.

मी मुद्दाम गप्प बसले, हे कितीतरी वर्षं माझ्या छातीवर होतं. मग तुमचे दिवस झाल्यावर मी तुमची ट्रंक उघडली. तळाशी गडद निळ्या बनातीची विजार होती, साहेबी घाटाची, एकदाही न घातलेली. कचेरीसाठी शिवली असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण कचेरीत तुम्ही शेवटपर्यंत धोतरच नेसलात. मग कुणासाठी, नाना? कुठे जायला? आणि आईला तेव्हा जे वाटलं ते खोटं होतं, की मीच नकळत खरं सांगून बसले?

हे पत्र पाठवायला ठिकाण नाही, आणि घरात ठेवायची माझी हिंमत नाही. एक तेवढं सांगते. ती विजार मी आईला दाखवली नाही. उसवून तिची गोमुखी शिवली, आणि आई रोज सकाळी तीत हात घालून जप करते.