बहुमताने वगळलेला

३ तारीख, सोमवार
नोकरी लागली, खोलीही मिळाली! तिसरा मजला, दोन खिडक्या, गादी मात्र दगड. ऑफिसात आम्ही दोघंच, मी आणि काकू. त्यांना इथे अकरा वर्षं झाली. म्हणाल्या, इथे साहेबच नाही, त्यामुळे शिव्या कोणाला घालायच्या हीच पंचाईत. गावाची यादी, म्हणजे कोण कुठे राहतं, कुठलं दार कोणाला उघडतं, ती एका जागी नाहीच. घरोघरी एकेक डबी बसवलेली आहे; प्रत्येकीत यादीची प्रत, प्रत्येकीला एक मत. जास्त डब्या जे म्हणतील ते खरं. नवी डबी लागली की तिथे खरंच माणूस राहतो का, ते मी बघून यायचं.

६ तारीख, गुरुवार
गावात घरं आठशे. या आठवड्यात नव्या डब्या हजार! पत्ते वेगवेगळे, पण फिरून फिरून मी एकाच गोदामाशी पोचलो. आत माणूस नाही. एक यंत्र नुसतं घरघरत होतं. काकू म्हणाल्या, एकच कोणीतरी हजार तोंडं लावून सभेत बसलाय. त्यांनी सगळ्या खोट्या डब्या काढायचा ठराव टाकला.

७ तारीख, शुक्रवार
ठराव पडला. आठशे विरुद्ध हजार. जेवणाच्या सुट्टीनंतर काकूंना ऑफिसचं दार उघडेना. यादीत त्यांचं नावच नाही. मी आतून उघडलं. त्या हसल्या, पण संध्याकाळपर्यंत परत दाराबाहेर पाऊल टाकलं नाही.

१० तारीख, सोमवार
काकू आल्या नाहीत. घरी गेलो. उंबऱ्याशी त्यांच्या चपला होत्या. नवरा म्हणाला, इथे कोणी बाई राहत नाही. खाली बघत म्हणाला. मी चपलांकडे बोट दाखवलं. त्याने त्या पायाने आत सरकवल्या.
मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

११ तारीख
ठराव माझ्याविरुद्ध. मी खोटा. हजार मतं. आणि उरलेल्या आठशेतलीही बरीच —

१२ तारीख
खोलीचं दार आतूनही उघडत नाही. खिडकीतून हाका मारल्या. खालून माणसं जातात. वर कोणी बघत नाही.

१३
थोरल्या बहिणीला फोन लावला. ती परगावी असते, तिच्याकडे या डब्या नाहीत. म्हटलं, ताई, मी बोलतोय. ती म्हणाली, कोण मी? माझा भाऊ तर कालच आलाय, हा काय समोर बसलाय.
तिने फोन त्याच्याकडे दिला.
आवाज माझाच. अगदी शांत. म्हणाला, उगाच त्रास करून घेऊ नकोस, आता तू फक्त —