न आलेल्या दुखण्याचं औषध

आसेगाव
ता. ९ सप्टेंबर १९७६

प्रिय देवमनदादास,

भागिरथाचा सप्रेम जय भीम. घरी सगळे ठीक. तूर कमरेएवढी झाली. बाबा निंदणावर जातात. अकोल्यात पाऊस कसा आहे? औषधाच्या दुकानात तुले जेवायला तरी वेळ मिळतो का, असं माय विचारते.

तू पाठवलेल्या कॅप्सुला मिळाल्या. माझा पुढं आलेला जबडा नागपूरला ऑपरेशन करून मागं घेतला, तेव्हापासून दात तारेनं बांधलेले, अख्खी कॅप्सूल गिळता येईना. माय कॅप्सूल फोडून पाण्यात कालवायची, मी फटीतून नळीनं ओढायची. फार कडू. निघताना नागपूरचे डॉक्टर म्हणाले होते, "जंतू धरू नयेत म्हणून इंजेक्शनं दिली. आता पुरे." तू लिहिलंस, हाड कापलेलं आहे, पिकलं तर सगळं वाया जाईल, अजून घे.

बाबा म्हणाले, "ताप नाही, पू नाही, मंग दवा कायले?"

माय म्हणाली, "देवमन रोज औषधं पाहून राह्यला. त्याले समजते."

मले बोलता येत नव्हतं. घेत राहिले.

पुढचं लिहू की नको, कळत नाही. सोमवारी औषध घेतलं अन् पोटात ढवळून आलं. तोंड बंद अन् उलटी वर. श्वास कोंडला. अशा वेळेसाठी दवाखान्यातून दिलेली तार कापायची कातर माय कमरेलाच खोसून असायची. तिनं मले पुढं वाकवलं, गालात बोट घालून एकेक तार तोडली. उलटी बाहेर पडली अन् मागोमाग शब्द निघाला, "माय." इतक्या दिवसांनी माझा आवाज ऐकून ती अंगणात बसून रडली. हसलीही.

आता हनुवटी फडक्यानं बांधली आहे. दात जुळतात असं वाटतं, पुन्हा वाटतं सरकले. उद्या आमी नागपूरला निघतो.

दादा, जखम पिकली नाही. तुझ्या औषधानं पिकली नाही, की पिकणारच नव्हती? घेतलं नसतं तर तारा राहिल्या असत्या, की जबडाच गेला असता? बाबा तुझ्यावर चिडले, माय बाबांवर. मी कोणावर चिडू?

तू मनाला लावून घेशील म्हणून सोमवारपासून लिहिलं नाही. आता काही पाठवू नको. नागपूरला ये. सांगण्यासारखं काही नसलं तरी ये, नुसता बाजूले बस.

तुझीच,
काहीच न समजलेली
भागिरथा