पिपेट फुंकायची नाही

१ मार्च, रविवार

बारकीचा फोन! आईचा असेल म्हणून दोनदा उचललाच नाही. आईशी बोलायला लागलं की शेवटी गाडी वडिलांवर, अण्णांवर येते. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा नाव बघितलं.

‘दादा, जिवंत आहेस का?’ पहिलं वाक्य हे. बहीण आहे, दुसरं काय म्हणणार.

तिचं केमिस्ट्रीचं घोडं अडलंय. बारावीचं प्रॅक्टिकल सतरा तारखेला. कॉलेजात एका ब्युरेटवर, थेंब मोजून सोडायच्या नळीवर, अख्खी टोळी तुटून पडते, हिचा नंबर लागेपर्यंत तास संपतो. आईने तिला सांगितलंय की मी इथे रोज तेच काम करतो. तर मी शिकवायचं!

मी म्हटलं, अगं, घरात अण्णा आहेत की. तुझ्या कॉलेजच्याच लॅबमध्ये शिपाई म्हणून जन्म गेला त्यांचा. बाटल्या भरणं, नळ्या धुणं, पोरांवर खेकसणं. त्यांना विचार. तर म्हणते, अण्णांना विचारलं की ते चिडतात.

हे मला लगेच पटलं. पुढे काही विचारलंच नाही.

आठवी नापास माणसाला बारावीची पोरगी केमिस्ट्री विचारते. हसू आलं. पण दिवसभर शीळ घालत होतो, हेही खरं.

३ मार्च, मंगळवार

काकांना सांगितलं. काका म्हणजे आमच्या गिलिटाच्या, निकेलचा मुलामा द्यायच्या, कारखान्यातले टाक्या तपासणारे. पितळी नळ आमच्याकडे येतात, आधी साबणाच्या टाकीत, मग पाण्यात, मग तेजाबात, परत पाण्यात, मग निकेलमध्ये. कुठली टाकी थकलीय आणि कुठल्या टाकीत काय घालायचं ते काका ठरवतात. हात थरथरतात त्यांचे. म्हणून ब्युरेटचा नळ गेल्या पावसाळ्यापासून माझ्या हातात. मला घेतलं तेव्हा विचारलं होतं, आठवी पास की नापास? नापास म्हटल्यावर म्हणाले, बरं झालं, पासवाले टिकत नाहीत.

बारकीने प्रश्न पाठवला होता : मोल म्हणजे काय? काका म्हणाले, डझनाचा थोरला भाऊ. केळी डझनाने मोजतात, अणू मोलाने. डझन निकेल आणि डझन ऑक्सिजन, आकडा तोच, वजन वेगळं. एवढंच. बाकी सगळी वजाबाकी-भागाकाराची भीती.

बोलून पाठवलं तिला. तिचं उत्तर : ‘दादा, परत सांग. जरा हळू आणि मोठ्याने.’ परत सांगितलं. बारावीला जाऊन कानाने मंद झालीय की काय!

८ मार्च, रविवार

रविवारी कारखाना बंद. फक्त निकेलच्या टाकीची ऊब बघायला एकाने यायचं असतं, ते मी मागून घेतलं. लॅबची खोली उघडली, ओटा पुसला, फोन बाटल्यांना टेकवला. अंगात धुतलेला शर्ट.

साबणाच्या टाकीतला नमुना पिपेटने घेतला, चंबूत सोडला. दोन थेंब दर्शकाचे – सगळं गुलाबी. वरून ब्युरेटमधलं तेजाब थेंब थेंब. डाव्या हाताने नळ, उजव्याने चंबू गोल फिरवायचा. गुलाबी फिकं पडायला लागलं की श्वास धरायचा. सगळे तिथेच घाई करतात. एक थेंब, फिरव. एक थेंब, फिरव. आणि मग एका थेंबाला रंग जातो – असा, की आधी होता का नव्हता! तिथे थांबायचं. तो आकडा.

तिच्याकडचा फोन कशाला तरी टेकवलेला होता, तिचा अर्धा चेहरा आणि वर छत. मध्येच कोणीतरी खोकलं. कोण, विचारलं तर म्हणाली, टीव्ही.

पिपेटचंही सांगितलं. नमुना सोडून झाला की टोकात एक थेंब अडकून बसतो. काका रबरी फुग्याने तो ढकलतात. मी म्हटलं, तुमच्याकडे फुगा नसेल तर तोंडाने फुंक मार. थेंब मागे ठेवायचा नाही, तोही नमुनाच आहे.

‘फुंकायचा?’ ती म्हणाली.

मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं फोन कटला.

‘बरं दादा. पुढे सांग.’

९ मार्च, सोमवार

कालपासून अण्णा डोक्यात आहेत. नको असताना.

आठवीनंतर मी घरी लोळत पडलो तेव्हा त्यांनी साहेबांच्या हातापाया पडून मला लॅबमध्ये धुण्याच्या कामावर लावलं. माझं चित्त कुठे थाऱ्यावर! खिडकीबाहेर. एकदा टेस्ट ट्यूबचा अख्खा स्टँड हातातून सुटला. वर्ग भरलेला होता. अण्णांनी केरसुणी आणली, काचा भरल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाले, ‘याच्या हातात काच टिकायची नाही.’ पोरं हसली. पुढच्या आठवड्यात मी इकडे निघून आलो. त्यांच्याशी बोललो नाही तो नाहीच.

काल ब्युरेट धरली होती तेव्हा वाटत होतं, बघावं त्यांनी. एकदा बघावं.

११ मार्च

काका मला लॅबमध्ये एकटा सोडून केस कापायला गेले. सगळ्या टाक्या मी तपासल्या!

१५ मार्च, रविवार

आज समतोल. तिच्या पुस्तकात एका अभिक्रियेला दोन बाण असतात, एक इकडे, एक तिकडे. काकांना विचारून ठेवलं होतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सगळं थांबलंय. थांबलेलं काही नसतं. जेवढं जातं तेवढंच परत येत असतं, म्हणून कळत नाही.

ती म्हणाली, ‘छान सांगतोस रे.’ आणि त्याच दमात, ‘दादा, येणार कधी?’

मी म्हटलं, निकेलचं सांगायचं राहिलं. निकेलचे कण धन, म्हणून ते ऋण टोकाकडे जातात, तिथे नळ टांगलेला असतो, त्यावर बसतात. तिने ऐकून घेतलं. दुसऱ्यांदा विचारलं नाही.

ठेवताना म्हटलं, परवा घाबरू नकोस, आणि शेवटचा थेंब विसरू नकोस. ‘नक्की फुंकायचा ना?’ म्हणाली. मी म्हटलं, रोज करतो मी, मला विचारतेस?

१६ मार्च, सोमवार

पिपेट फुटली. माझ्याच हातून. ओट्याच्या कडेला आडवी ठेवली, ब्युरेट भरायला वळलो, ती घरंगळत गेली. उभी ठेवायची असते हे मीच बारकीला सांगितलं होतं.

काकांनी काही म्हणायची गरजच नव्हती, म्हणणारं माणूस माझ्या डोक्यात होतंच.

तुकडे भरताना वरचा तुकडा हातात आला. तोंडापाशी दोन पांढऱ्या रेघा. इतके दिवस वापरली, कधी दिसल्या नाहीत. म्हणजे दिसल्या असतील, बघितल्या नाहीत.

१७ मार्च, मंगळवार

काकांनी कपाटातून दुसरी पिपेट काढून दिली. नमुना घेतला, सोडला, फुगा दाबायला गेलो तर काकांनी मनगट धरलं. म्हणाले, हिला फुंकायचं नाही.

का नाही? कालपर्यंत तर फुंकत होतो.

काका म्हणाले, ती दोन रेघांची होती. दोन रेघा म्हणजे फुंकून रिकामी करायची, तसंच माप धरून बनवलेली असते. हिला रेघा नाहीत. हिच्या टोकात थेंब राहणार हे बनवणाऱ्याने धरलेलंच असतं. तो फुंकलास तर नमुना जास्त, आकडा चूक. कॉलेजात बहुतेक हीच असते. तिथे फुंकलं की परीक्षक लांबूनच ओळखतो, हा कच्चा आहे.

मी हातातलं तसंच टाकून आवारात धावलो. बारकीचा फोन बंद. परत लावला. बंद. परीक्षेच्या खोलीत असणार, फोन दप्तरात.

आणि तिथे, आवारात उभा असताना, कुठून कोण जाणे, अण्णांचा आवाज आठवला. मी मोरीत नळ्या धुतोय, मागे वर्ग चाललाय, अण्णा कुठल्याशा पोरावर खेकसतायत : ‘फुंकू नकोस रे! चहा आहे का तो?’ पोरं हसतायत. रोज कोणी ना कोणी फुंकायचं, रोज तेच वाक्य. कानावरून गेलं होतं. किती वेळा!

ऐकलं असतं तर.

१८ मार्च

बारकीचे तीन फोन. घेतले नाहीत.

१९ मार्च, गुरुवार

आज परत. आवाज बंद करून फोन खिशात ठेवला आणि दिवसभर नळ टांगत राहिलो. लॅबमध्ये गेलोच नाही.

काय सांगू तिला? सॉरी? वर्गासमोर परीक्षकाने विचारलं असेल, हे कोणी शिकवलं? आणि अण्णा तिथेच असणार, लॅबच्या दाराशी, निळ्या कोटात. आपल्या पोरीला पिपेट फुंकताना बघितलं असेल त्यांनी. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना ओरडले, आणि आता स्वतःची पोरगी.

तिला कोणी शिकवलं हे त्यांना कळलं असेल तर म्हणाले असतील, मी सांगत होतो.

२२ मार्च, रविवार

टाकीची ऊब बघायला गेलो. लॅबची खोली उघडली नाही. दुपारी वाजला फोन, नेहमीच्या वेळेला. वाजू दिला. बाटल्यांना टेकवायचो ना, तसाच भिंतीला टेकवून ठेवला होता. वाजत वाजत सरकला आणि आडवा पडला.

तीच सवय. काही फुटलं की तिथून निघून जायचं. तेव्हा गाडीत बसून गेलो. आता जायला जागा नाही म्हणून फोन उचलत नाही, एवढाच फरक.

२५ मार्च, बुधवार

काका टाकीपाशी येऊन उभे राहिले. कधी येत नाहीत, साबणाच्या वाफेने खोकला होतो त्यांना. ब्युरेट धरायला कोण येणार, म्हणाले. मी सगळं सांगून टाकलं. बारकी, पिपेट, फोन.

ऐकून घेतलं. मग म्हणाले, रंग गेला आणि वर थेंब जास्त पडला, तर तू काय करतोस?

मी म्हटलं, ओतून देतो. दुसरा नमुना घेतो.

‘मग? टाकी भरलेली आहे की.’ आणि थरथरता हात पाठीवर ठेवून गेले.

सोपं आहे त्यांना बोलायला. पण संध्याकाळी चंबू धुवून पालथे घातले. उद्यापासून लॅबमध्ये.

२९ मार्च, रविवार

मीच लावला. पहिल्या घंटीला तिने उचलला.

सगळं पाठ करून ठेवलं होतं. बारके, माझं चुकलं, तुझी पिपेट वेगळी होती, मी न बघता सांगितलं. तिने मध्येच थांबवलं. म्हणाली, ‘दादा, माझं प्रॅक्टिकल तुला पहिला फोन केला त्याच्या आधीच झालं होतं. चांगलं गेलं.’

मग विचारत कशाला होतीस?

‘अण्णांना तुझा आवाज ऐकायचा होता. शेजारी बसायचे. त्यांना आता ऐकू कमी येतं.’

मला एकच सुचलं. म्हटलं, फुंकायला सांगितलं तेव्हाही होते?

‘होते. मी म्हणणार होते की दादा चुकतोयस. त्यांनी माझा हात दाबला. नंतर म्हणाले, त्याच्याकडची दोन रेघांची असेल. तो बघून सांगतोय.’

बघून सांगत नव्हतो. रेघा मला फुटल्यावर दिसल्या.

मग विचारलं, अण्णा आहेत का तिथे.

‘दर रविवारी असतात,’ ती म्हणाली. ‘मागच्याही होते.’