उरलेला माल

३ नोव्हेंबर
नव्या गावी रुजू झाले. जिन्यावरची खोली मिळाली: दोन खिडक्या, कोरड्या भिंती, नळाला भरपूर पाणी. घरमालकीण बडबडी, पण मनाची मोकळी. विमा कंपनीसाठी आगीचे दावे तपासते म्हटल्यावर म्हणाली, "म्हणजे घर जळाल्यावर येणाऱ्या पाहुण्या!" बावीस वर्षांत इतकं नेमकं कोणी सांगितलं नव्हतं. कार्यालय जवळच. कंपनीचा शिक्का मात्र अजून यायचा आहे.

४ नोव्हेंबर
पहिला दावा एका शिंपीणबाईंचा. दुकानाची मागची खोली जळाली: दोन शिलाई मशिनं, कापडाचे गठ्ठे, कापणीचं टेबल. आग टेबलापाशी लागली, हे उघड आहे. पण तिथून दाराकडे दगडी फरशीवर सात करपलेले डाग आहेत. पावलाएवढे, दोन डागांत अठरा इंच. दगड असा जळत नाही. पाहणी संपेपर्यंत काडीही हलवायची नाही, असं बजावून आले.

६ नोव्हेंबर
डाग आठ. आठवा उंबऱ्याला टेकलेला. पुराव्याशी खेळता का म्हणून बाईंना फैलावर घेतलं. मुलीला मावशीकडे ठेवलंय, एवढंच बोलल्या. डागावर हात ठेवून पाहिला. आग विझून नऊ दिवस झाले, तरी गरम.

७ नोव्हेंबर
दावा मिटला. तीस टक्के कापले, तेही बाईंनी लगेच मान्य केलं. भरपाई दिली की उरलेला माल कंपनीचा होतो. तो नक्की कोण घेणार, हे मात्र बाईंनी तीनदा विचारलं. शिक्का नाही म्हणून काम अडायला नको. पावतीवर लिहिलं, खोलीत उरलेले सर्व माझ्या ताब्यात मिळाले. खाली माझं नाव, सही. बाई रडायलाच लागल्या. म्हणाल्या, "ताई, आता पोरीला घरी आणते."

९ नोव्हेंबर
जिन्याच्या तळाशी डाग. घरमालकिणीला वाटतं, कोणीतरी गरम इस्त्री टेकवली. मी पट्टी लावली नाही.

१० नोव्हेंबर
लावली. अठरा इंच. चार पायऱ्या झाल्या.

११ नोव्हेंबर
दुकानात गेले. मागची फरशी कोरी, थंडगार. त्यावर बाईंची मुलगी पालथी पडून चित्रं काढत होती. पावती फाडू म्हटलं. बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझ्या सासूकडून मी घेतलं, ताई. असंच, सही करून. फाडून जात नाही ते. दुसऱ्या कोणीतरी घ्यावं लागतं."
कार्यालयात साहेबांना म्हटलं, माल कंपनीच्या नावे करा. म्हणाले, आधी माल दाखवा.

१२ नोव्हेंबर, सकाळ
अकरा पायऱ्या. वरची एकच उरली.
नवी पावती लिहून ठेवली आहे. नावाची जागा रिकामी. घरमालकीण चहा घेऊन येईल. कुठे सही करू, एवढंच विचारेल, वाचणारही नाही —

आली. डाग चुकवत, हसत. कागद कसला, विचारलं.
काही नाही म्हटलं. खाली जा, लगेच जा म्हटलं. रागावून गेली. जाऊ दे, पण गेली.
कागद फाडला. सही माझी, तर —

दाराचा रंग फुगतोय. कडी धरवत नाही. खिडकीतून ओरडून सांगितलं पाहिजे, वर कोणी येऊ नका, कोणी काही हातात घेऊ —