एका वाक्याची सर्दी

लुब्लिन,
४ मार्च

प्रिय बोग्ना,

आशीर्वाद. पार्सल मिळालं. मी बरा आहे. घशाची जखम भरत आली, डॉक्टर खूश आहेत. त्यांना खूश व्हायला फारसं काही लागत नाही. बोलायला म्हणून त्यांनी एक यंत्र दिलंय. ते गळ्याला लावलं की मी व्हॅक्यूम क्लीनरसारखा ऐकू येतो, म्हणून फोन न करता लिहितोय. शिवाय फोनवर तू माझं वाक्य मध्येच तोडतेस. कागदावर ते तुला जमायचं नाही.

तू जुना सिनेमा नव्याने साफ करून काढतेयस, त्याची चाचणीची डिस्क पाहिली. माझ्याकडे प्लेअर नाही हे माहीत असून तू ती पाठवलीस, म्हणजे मला खालच्या मजल्यावर रेगिनाबाईंकडे जावं लागणार हेही तुला माहीत होतं. गेलो. बाईंनी कांद्याच्या भाकऱ्या भाजल्या होत्या, पडदे ओढले होते आणि केससुद्धा बसवून घेतले होते. म्हणाल्या, "अहो झेनोन, नवरा गेल्यापासून घरात पुरुषाचा आवाज म्हणजे तुमचाच. तोही टीव्हीतून."

तू म्हणालीस, समीक्षकांच्या हाती जाण्याआधी बाबा तुम्ही पारखा. तर घे, त्या मासिकवाल्यांसारखे दहापैकी गुण देतो. रडू नकोस.

चित्राला आठ. खरं तर नऊ देणार होतो. हा इटालियन 'मीठवाली' मी टीव्हीसाठी स्टुडिओत पोलिशमध्ये वाचला तेव्हा पडद्यावर सगळा राखाडी चिखल होता. मिठाचे ढीग कुठले आणि आभाळ कुठलं, हे संवादांवरून ओळखायचं. आता मीठ मिठासारखं दिसतं. त्या बाईच्या हातांवरच्या चिरा दिसतात. रेगिनाबाईंनी आपोआप स्वतःचे हात पदराआड, म्हणजे त्यांच्या त्या ॲप्रनमध्ये घातले. पण तुझ्या हाताखालच्या पोरांनी म्हाताऱ्या मुकादमाचा चेहरा पुसून पुसून मेणाचा करून ठेवलाय. जुन्या फिल्मला कण असतात, बोग्ना, ते काय खरूज आहेत का खरवडून काढायला? एक गुण त्याचा कापला.

डिस्कवर सिनेमासोबत जोडलेल्या पुरवणीला दोन. दिग्दर्शकाच्या मुलीची मुलाखत चांगली आहे, मिठागराचे फोटो चांगले आहेत. पण तो प्राध्यापक! सिनेमा सुरू झाल्यापासून संपेपर्यंत तो वरून बोलत राहतो. बाई मीठ ओढतेय, हा सांगतोय की ती मीठ ओढत नाहीये, इतिहास ओढतेय. मीही जन्मभर लोकांच्या सिनेमांवर बोललो, पण निदान त्यातलंच वाक्य सांगत होतो.

आता आवाज.

मूळ इटालियन आवाज छान झालाय. खडखड गेली, वारा राहिला. पूर्ण गुण. पोलिश आवाज, म्हणजे मी, त्यालाही पूर्ण गुण. हसतेस कशाला? तुझ्या त्या बेल्जियन भागीदारालाही आपल्याकडे जेवताना असंच हसू आलं होतं. टीव्हीवर नायिका टाहो फोडत होती आणि तिच्यावर एक पुरुष हवामानाच्या बातम्या द्याव्यात तसं "मला सोडून जाऊ नकोस" म्हणत होता. हसताना त्याच्या नाकात बीटचं सूप गेलं. म्हणाला, नायिका, खलनायक, तान्हं मूल, सगळ्यांची वाक्यं एकच माणूस वाचतो? आणि इतकी सपाट? तुम्ही लोक सहन कसं करता? मी त्याला म्हटलं, अहो, सहन करायला तिथे काही नसतंच. दहा मिनिटांनी लेक्टर, म्हणजे तो वरून वाचणारा, ऐकूच येत नाही. माणसाला वाटतं, आपल्याला इटालियन येतं.

तर त्या कागदाकडे येतो, जो तू डिस्कखाली दडवून पाठवलास, पोरीला लग्नाला हो म्हणायला लावताना मिठाईच्या डब्याखाली फोटो ठेवतात तसा. त्यात लिहिलंय की माझ्या जुन्या वाचनांवरून संगणकाला माझा आवाज शिकवायचा, आणि 'मीठवाली'त धक्क्यावरच्या प्रसंगात जे वाक्य "सदोष" आहे ते त्याच्याकडून नव्याने म्हणून घ्यायचं. शिवाय शेवटी प्रत्येक लेक्टर आपलं नाव घेतो, "वाचलं: झेनोन विल्गा", ते या टेपवर नाही, तेही त्याच्याकडून म्हणवायचं. वर तुझ्या हस्ताक्षरात चिठ्ठी: "बाबा, कोणाला कळणारही नाही."

मला कळेल.

सही करणार नाही. मी मेल्यावर कर काय करायचं ते. त्या वाक्यात दोष नाही. त्या दिवशी मला सर्दी होती, एवढंच. हवं तर पुस्तिकेत छाप: लेक्टरला सर्दी होती. लोकांना तसल्या गोष्टी आवडतात.

रेगिनाबाईंनी भाकऱ्या बांधून दिल्यात, पण त्या तुझ्यापर्यंत पोचणार नाहीत, कारण मी खाणार आहे.

तुझा,
बाबा


लुब्लिन,
१५ मार्च

प्रिय बोग्ना,

आशीर्वाद. तुझं उत्तर आलं. चार पानं! तू एवढं लिहू शकतेस हे मला माहीत नव्हतं. चौथ्या पानावर भाषा जरा सांभाळायला हवी होती, पण असू दे.

तुझं म्हणणं, डिस्क महिनाअखेर छपाईला जायची आहे आणि मी हट्टी म्हातारा आहे. दोन्ही खरं. तुझं पुढचं म्हणणं असं: "बाबा, मी आवाजाचं काम करते. तुमचा पूर्ण टेप मी हेडफोन लावून ऐकलाय. आधीच्या वाक्याला नाक साफ आहे, नंतरच्या वाक्याला साफ आहे. एका वाक्यापुरती सर्दी कशी होते ते मला सांगा, मी तो कागद फाडून टाकते."

पकडलंस. हा कान माझा आहे, तुझ्या आईचा नव्हे. तिला तर ट्रॉलीबस आलेली ऐकू यायची नाही.

तू सात वर्षांची होतीस. नोव्हेंबर होता. आईला शिकागोला जायचं होतं, तिथे लोकांची घरं साफ करायला, सहा महिन्यांसाठी. तेव्हा निम्मं गाव जात होतं, त्यात नवल नव्हतं. तुला आजीकडे ठेवून मी तिला वॉर्सॉच्या विमानतळावर सोडायला गेलो. बॅग मीच भरायला मदत केली होती. तिच्यात तिच्या उन्हाळ्याच्या पांढऱ्या सँडल होत्या. नोव्हेंबरात निघून मे महिन्यात परत येणाऱ्या बाईला त्या कशाला लागतात? मी त्या कागदात गुंडाळून नीट तळाशी ठेवल्या. विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला खोटं बोलावं लागलं असतं, आणि इर्मिनाला खोटं बोलता यायचं नाही, फार केविलवाणी दिसायची.

विमान गेलं. मी बस धरली आणि स्टुडिओत गेलो, कारण दुपारी 'मीठवाली' वाचायचा होता. कोणता सिनेमा आहे ते मला आधी माहीत नव्हतं. आम्हाला कुठे माहीत असायचं? टेबलावर भाषांतराचे कागद ठेवलेले, समोर पडदा, काचेपलीकडे ध्वनिमुद्रणाला दानुता, आणि सुरू. एकदाच वाचायचं, थांबायचं नाही.

सगळं ठीक चाललं होतं. मग धक्का आला. नवरा बेल्जियमच्या खाणीत चाललाय, बोटीवर चढतोय, आणि ती मीठवाली बाई त्याला म्हणते, "पोचलास की कळव. नाही कळवलंस तरी चालेल." दोन छोटी वाक्यं. मी पहिलं वाचलं. दुसरं वाचेपर्यंत पडद्यावर तिचं तोंड मिटलं होतं, बोट हलली होती. आणि जे वाचलं ते माझ्या आवाजात नव्हतं. कोणाच्या होतं कोण जाणे.

दानुताने काचेपलीकडून हात वर केला. रीळ बदलताना आत आली. "झेनोन, तेवढं परत घेऊ या. टेप मागे घेते."

"नको," मी म्हटलं.

"अरे, वरचे लोक माझं डोकं खातील. लेक्टर रडतोय म्हणतील."

"सर्दी झाली होती म्हणून सांग."

म्हणजे सर्दी तेव्हाची आहे, बोग्ना. परवा बनवलेली नाही. आणि परत घेतलं असतं तर काय झालं असतं हे मला पक्कं माहीत होतं: अगदी बरोबर आलं असतं. सपाट, वेळेवर, चोख. तेच मला नको होतं. आयुष्यात एक वाक्य मी चुकीचं वाचलंय आणि ते मुद्दाम तसंच ठेवलंय. शेवटी नाव घ्यायची वेळ आली तेव्हा तोंड उघडलं नाही. लेक्टर झेनोन विल्गाने हा सिनेमा वाचलाच नव्हता, मग सांगायचं काय?

आता तू म्हणशील, हे इतकी वर्षं का नाही सांगितलं. तुझ्या चाळिसाव्या वाढदिवसाला, केक कापून झाल्यावर, सगळ्यांसमोर तू म्हणालीस ते मला आठवतं. "बाबा, तुम्ही घरातही लेक्टरच होतात. आई परत येणार नाही हे तुम्ही मला 'दप्तर भर, उशीर होतोय' याच आवाजात सांगितलंत. आमच्या आयुष्यावर वरून वाचत राहिलात, आत कधी आलाच नाहीत."

मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही. तेव्हा आवाज होता, पण पाहुणे होते. आज देतो.

हो, त्याच आवाजात सांगितलं. आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा त्याच आवाजात सांगेन. माफी मागत नाहीये, नीट वाच. लेक्टर सपाट का वाचतो माहीत आहे? त्याला काही वाटत नाही म्हणून नव्हे. पडद्यावर जी रडतेय तिचं रडणं लोकांना ऐकू यावं म्हणून. लेक्टर रडायला लागला की त्याचंच ऐकू येतं आणि ती बिचारी नुसतं तोंड हलवत राहते. स्वयंपाकघरात त्या सकाळी तू रडत होतीस. सात वर्षांची पोर, एका पायात मोजा. मीही रडलो असतो तर तू गप्प झाली असतीस आणि माझे डोळे पुसायला उठली असतीस. तू तशीच होतीस. मग तुझं रडणं कोणी ऐकलं असतं? मी ऐकलं. सगळं ऐकलं, शेवटच्या हुंदक्यापर्यंत. मग म्हटलं, दप्तर भर.

मी आत नव्हतो म्हणतेस. अगं, मी हललोसुद्धा नव्हतो तिथून.

तुझ्या आईने पोचल्याचं कळवलं होतं, हेही सांगून टाकतो. शेजाऱ्यांकडे फोन आला. "पोचले," म्हणाली. मी म्हटलं, "बरं झालं." इतकंच. तिच्यावर माझा राग नाही. तू तिच्याशी फोनवर बोलतेस ते चांगलं करतेस. हे तिला सांगू नकोस, उगाच मनाला लावून घेईल.

तर तुझी डिस्क. समीक्षक त्या वाक्यावरून ओरडणार, हे नक्की. पोलिश आवाजाला चार गुण देतील, लिहितील की निर्मात्यांना साधी चूक दुरुस्त करता आली नाही. लिहू देत. संगणकाला माझ्या हजार सिनेमांचा आवाज शिकवलास तर तो ते वाक्य मी वाचलं असतं तसंच वाचेल, यात शंका नाही. म्हणूनच नको. सगळीकडे मी बरोबर आहे, बोग्ना. हजार सिनेमांत तुझा बाप बरोबर आहे. तो एकाच ठिकाणी सापडतो, आणि तू नेमकं तेच पुसायला निघालीस.

रेगिनाबाईंना यातलं काही माहीत नाही. तरी त्या वाक्याला त्यांनी बटाटे सोलायचे थांबवले आणि सुरी हातात धरून म्हणाल्या, "इथे पुन्हा मागे घ्या हो." तीनदा ऐकलं आम्ही. मग त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बाकीचा सिनेमा चांगला आहे. पण हे खरं आहे." त्यांना हवं तर प्राध्यापकाच्या जागी बसव. गुण वाढतील.

कागद सोबत परत पाठवतो आहे, सहीशिवाय. फाडायचं वचन तू दिलंयस. मुकादमाच्या चेहऱ्यावरचे कण परत घाल, आणि ईस्टरला येणार असशील तर लुब्लिन स्टेशनवरून कळव. नाही कळवलंस तरी चालेल, अंडी रंगवून ठेवतो.

त्या टेपवर शेवटी नाव घ्यायचं राहिलं होतं. ते कोणा यंत्राने घ्यायची गरज नाही. इथे घेतो.

वाचलं: झेनोन विल्गा, तुझा बाप.