मुलाखत घेणारा मुलगा

प्रिय सृष्टी,

तुझा फोन बंद असतो, म्हणून हे पत्र बजरंगमामाच्या हाती पाठवतेय. तो काही विचारणार नाही, तसं त्याला बजावलंय.

इकडं कापसाची वेचणी चाललीय. बाबा सकाळीच रानात जातात. जेवताना तुझा विषय निघाला की पाणी प्यायला म्हणून उठतात. रागावलेले नाहीत गं.

मला तो दिवाळीचा दिवस सारखा आठवतो. माजघरात ऑफिसचा लॅपटॉप मांडून तू नव्या नोकरीच्या मुलाखतीला बसली होतीस. परदेशातली मोठी कंपनी, पगार दुप्पट. पडद्यावरचा मुलगा किती अदबीनं बोलत होता! मी चहा घेऊन आले तर त्यानं मला हात जोडले. तू अडखळलीस तिथं थांबला, धीर दिला. मग त्यानं एक फाइल पाठवली, ती चालवून त्यातली चूक दुरुस्त करून दाखवायची होती. तू दाखवलीस. तो खूश झाला आणि तू मला उचलून गरकन फिरवलंस. शेजारची पंचफुला दारातून बघून हसत होती.

थोड्याच दिवसांत तुझ्या पुण्याच्या कंपनीत लोकांनी ठेवलेली डिजिटल नाणी, ते क्रिप्टो, नाहीशी झाली. त्या फाइलीतूनच चोर आत शिरला होता. कंपनी बंद पडली, तुझ्याबरोबरच्यांच्याही नोकऱ्या गेल्या. तेव्हापासून तू तिकडं पुण्यात खोलीचं दार लावून बसलीस.

तुला एक सांगितलं नव्हतं. सायबर पोलिसातल्या एक बाई आपल्या घरी येऊन गेल्या. त्या म्हणाल्या, अशी पोरं एका देशाचं सरकारच शिकवून तयार करतं. परक्या मुलखात खोलीत कोंडून बसवतं, खोटं नाव आणि खोटा चेहरा देतं. चोरलेला पैसा राज्यकर्त्यांकडं जातो, त्यातून क्षेपणास्त्रं होतात. एखादा पळाला, तर मागं घरच्यांचे हाल. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे चोरी पोरगं करायलंय, अन् घर सरकारचं भरायलंय. त्याला चोर म्हनावं का सालगडी?" बाई म्हणाल्या, "दोन्ही, काका."

मला त्या मुलाचा राग येतो, लय येतो. पण त्याच्या आईला ठाऊक असेल का तो काय काम करतो, हेही मनात येतं. तिला त्याच्याशी बोलू तरी देत असतील का? तुझा मात्र राग येत नाही. एक अख्खं राज्य ज्या कामाला जुंपलंय, त्याच्यापुढं तू एकटी बसली होतीस. गावात विचारतात, एवढी शिकलेली पोरगी फसली कशी? मी म्हणते, त्यांना शिकलेलीच पाहिजे होती. माझ्याकडून काय नेलं असतं त्यांनी?

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. काल पूर्णेहून झुंबरमावशीची राजेश्री आली होती, पेढे घेऊन. बँकांचं काम करणाऱ्या त्या कंपनीत ती लागलीय ना, तिला आता परदेशातून मुलाखतीचं बोलावणं आलंय. घेणारा मुलगा लय सभ्य आहे म्हणाली. पहिली फेरी झाली, रविवारी फाइल चालवून दाखवायची आहे. मी लगेच तिचा हात धरला. नको म्हणून विनवलं, तर म्हणाली, "मावशी, सृष्टीताईनं कायतरी चूक केली असंल. माझं तसं न्हाई." मला तुझ्यासारखं समजावून सांगता येईना. खरं काय घडलं ते तू कुणाला सांगितलंच नाहीस, म्हणून जो तो आपल्या मनाचं सांगतोय. तुझी जखम अजून ओली आहे, मला कळतं. माझ्याशी नको बोलूस हवं तर. पण रविवारच्या आत राजेश्रीशी बोल.

तुझीच,
आई